पाटीच्या रंगाची फरशी

मी जन्मभर बाटल्या नापास केल्या. औषधाच्या बाटल्यांचा कारखाना होता आणि मी तिथला तपासनीस. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, त्यांच्या मागे पांढरा दिवा, आणि माझ्या हातात एक पातळ लोखंडी काडी. शंका आली की काडीने हलकेच वाजवायचं. धड बाटली एका सुरात वाजते. तडा असला की आवाज मध्येच फुटतो, आणि तो तडा डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी कानाला कळतो. कारखान्यात माझं नाव कुणी घेत नसे, ‘नापास आला’ म्हणत. ते नाव हळूहळू घरी पोहोचलं आणि बायकोने लगेच उचललं, कारण घरीही माझा धंदा तोच होता. भाजीचा देठ, शर्टाची शिवण, दाराची कडी, जावई. जावई मी दोनदा नापास केला. तिसऱ्यांदा मला कुणी विचारलंच नाही.

असा माणूस फरशी निवडायला निघाला तर काय होणार, ते दुकानदारांना विचारा.

आमच्या घरात आधी पांढरी, चकचकीत फरशी होती. ती बायकोची हौस. रोज पुसून पुसून तिने तिचा आरसा केला होता, आणि कुणी आलं की त्या पाहुण्याने खाली बघेपर्यंत ती बोलायला सुरुवात करत नसे. त्या फरशीवर सांडलेलं पाणी दिसत नाही, हे आम्हा दोघांना एकाच सकाळी कळलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून आवाज आला. इतकी वर्षं आवाजावर पोट भरलेल्या माणसाला उठून बघायची गरज नव्हती. काहीतरी तडकलं होतं, आणि ते भांडं नव्हतं.

खुब्याचं हाड होतं. ऑपरेशन झालं. लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली, कारण लेक घरूनच काम करते आणि तिचं घर तळमजल्यावर आहे. थोडे दिवस, असं ठरलं होतं. मग ते थोडे दिवस लांबत गेले. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची, गुडघ्यांवर शाल, केस नीट विंचरलेले. घरी कधी यायचं, असं मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली,

“ती फरशी काढा. मग येते.”

“काढतो की. दुसरी कसली घालू?”

“पाटीच्या दगडासारखी. काळपट, जराशी खरबरीत. पाणी सांडलं तर डाग दिसला पाहिजे. पण खरा दगड नको, त्याचे पापुद्रे सुटतात. ती नवीन मिळते ना, दगडासारखी दिसणारी, पोर्सिलेनची, तसली बघा. आणि हे बघा, तुमची स्वतःची खात्री पटल्याशिवाय आणू नका. कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका.”

ते शेवटचं वाक्य मी छाती फुगवून घरी आणलं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या खोडीला तिने पहिल्यांदा मान दिला होता.

पहिल्याच दुकानात एक मुलगी होती, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला चटपटीत. तिने मला एक करडी फरशी दाखवली. दिसायला अगदी पाटी, थरावर थर, कडेला किंचित गंज चढल्यासारखा रंग. मी तळहात फिरवला. सपाट. वरवर बारीक वाळूसारखं काहीतरी हाताला लागत होतं, बाकी सगळी छपाई.

“दिसायला दगड, हाताला कागद,” मी म्हणालो. “नापास.”

“काका, ही चांगली जाते. मॅट आहे, ओली झाली तरी घसरत नाही.”

“चांगली जाते म्हणूनच सांगतो. जी जाते तिच्याबरोबर माणूसही जातो.”

ती हसली. तिला वाटलं गिऱ्हाईक विनोदी आहे. पुढच्या दोन आठवड्यांत तिचं हे मत पार बदललं.

कारण मी रोज जायला लागलो. घरी बसवत नव्हतं. रिकाम्या घरात मी त्या पांढऱ्या फरशीच्या मधून चालत नसे, भिंतीला धरून कडेकडेने जायचो. चहा टाकायचो आणि विसरायचो. गाळणं हातात घेऊन बाहेरच्या खोलीत यायचो आणि इथे कशाला आलो ते आठवत उभा राहायचो. तिची चप्पल दाराशी, तिचा चष्मा खिडकीत, आणि पुसायचा कपडा नळावर वाळून कडक झालेला. त्यापेक्षा दुकानं बरी. त्यांची शटरं वर जायच्या आधी मी फुटपाथवर हजर असायचो.

फरशी कशी तपासायची हे मला कुणी शिकवलं नाही, पण काच काय आणि भाजलेली माती काय, भट्टीतून आलेल्या वस्तूचा स्वभाव एकच. फरशी एका हाताने मधोमध उचलून धरायची आणि चमच्याने वाजवायची. खणखणली तर आतून घट्ट भाजली आहे, भद्द वाजली तर ठेवून द्यायची. मग उलटी करायची आणि पाठीवर पाण्याचा थेंब सोडायचा. खरी पोर्सिलेन असेल तर थेंब तसाच बसून राहतो, तुमच्याकडे बघत. साधी मातीची फरशी असेल तर तो पिऊन टाकते, खाली ओला डाग राहतो, आणि विकणारा दुसरीकडे बघायला लागतो. तुटका तुकडा मागून घ्यायचा आणि त्याची कड बघायची. वर काळा रंग आणि आत पांढरं पोट असलं, तर कोपरा उडाल्यावर घरभर दात विचकणार. दोन फरश्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या आणि कोपरा दाबायचा. डुगडुगल्या तर पोट वाकलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका बॉक्समधल्या सगळ्या फरश्या जमिनीवर मांडायच्या. डोंगरात एकसारखे दोन दगड सापडत नाहीत, पण बॉक्समध्ये तीच रेघ, तोच गंजाचा डाग दर तिसऱ्या फरशीवर आला की समजायचं, हा दगड छापखान्यातला आहे.

एका दुकानात मी फरशीवर साबणाचं पाणी ओतून, बूट-मोजे काढून त्यावर उभा राहिलो. मालक म्हणाला, “आजोबा, आंघोळ घरी करा.” दुसऱ्या दुकानात मी शाईच्या पेनाने फरशीवर सही केली आणि ती पुसता येईना. नापास. मालकाचं म्हणणं, मीच नापास, आणि फरशीचे पैसे द्या. तिसऱ्या दुकानात तर मी पायरी चढताना दिसलो की आतला माणूस दिवे मालवायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती त्या लोकांची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आणि इथे तर बायको पोळली होती.

जी फरशी बरी वाटेल तिचा तुकडा पिशवीत घालून मी लेकीकडे न्यायचो. बायको तो मांडीवर घ्यायची, डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायची. खरं सांगतो, ते दिवस मला आवडायला लागले होते. एवढी वर्षं मी नापास म्हटलं की ती कपाळाला हात लावायची. आता ती माझ्याच बाजूची झाली होती.

“ही कड जराशी वाकडी वाटते का हो?”

“नाही, सरळ आहे.”

“मला आपलं वाटलं. पण तुम्हाला एवढीशीही शंका असेल तर नका घेऊ.”

आणि अर्थातच त्यानंतर मला शंका यायचीच. कधी ती रंगाचं काढायची, पुढच्या बॉक्सचा रंग असाच असेल कशावरून? मी धावत दुकानात जाऊन सगळ्या बॉक्सांवरचे लॉटचे आकडे, म्हणजे कुठला बॉक्स कुठल्या भट्टीचा, ते बघायचो. ते जुळायचे नाहीत. मी तिला विजयी मुद्रेने फोन करायचो. ती म्हणायची, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” आणि मग सहज सांगायची, “आज मी अंगणाच्या फाटकापर्यंत चालून आले.” मी म्हणायचो, वा. तिकडे गेल्यावर मात्र ती खुर्चीतच असायची, आणि थोडा वेळ झाला की तीच मला उठवायची. “निघा आता, ऊन वाढेल.” मी निघायचो. मागे वळून बघायचं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

एकदा लेक मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि तिथे तिचा बांध फुटला.

“बाबा, शहरातली एकही फरशी तुम्हाला चालत नाही?”

“अजून बघतोय.”

“बघताय ना? की बघत राहायचंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला फरशी हवीय की कारण हवंय? आईला घरी न्यायचं नसेल तर तसं सांगा. मी सांभाळेन तिला, पण हे तुकडे आणणं बंद करा. माझ्या घरात आता माणसांपेक्षा जास्त फरश्या आहेत.”

मी तिला असं काही बोललो की ते लिहायची लाज वाटते. घरी जाताना सगळ्या रस्त्याने तेच डोक्यात होतं. तिला मी न्यायचं टाळत होतो? मी? पण घरी आल्यावर, त्या पांढऱ्या फरशीच्या कडेला उभा राहिलो तेव्हा मला कबूल करावं लागलं की मला भीती वाटत होती. मी पास केलेल्या फरशीवर ती पुन्हा पडली तर? कारखान्यात चुकून सुटलेली बाटली परत यायची, तक्रारीचा कागद जोडून. माणूस तसा परत येत नाही; तो पडतो तेव्हा कसा आवाज येतो, ते मी ऐकलं होतं.

मग ती फरशी सापडली. गावाबाहेरच्या एका गोदामात, धुळीने भरलेल्या बॉक्समध्ये. काळपट निळी, खऱ्या पाटीच्या खाणीतून नुकती फोडून काढल्यासारखी. नुसती छपाई नव्हती, दगडाचे थर खरोखर वरखाली होते, बोटाला कंगोरे लागत होते. वाजवली, चांदीच्या ताटासारखी वाजली. पाठीवर थेंब टाकला, तो जागचा हलला नाही. तुकडा फोडला, आतपर्यंत काळी. वाकडेपणा नाही. सगळा बॉक्स मांडला तरी रेघ परत आली नाही. लॉटचे आकडे एक. साबणाचं पाणी ओतून मी त्यावर उड्या मारल्या, पाय जागचा सरकला नाही. गोदामवाल्याने शेवटी पुसायला फडकं दिलं, तर फडकंच कंगोऱ्यांत अडकायला लागलं.

“पुसायला जरा त्रास होतो हिचा,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“होऊ दे,” मी म्हणालो. “फडकं धरते ना? मग पायही धरेल.”

आणि मी म्हणालो, पास. तो शब्द इतक्या वर्षांत तोंडातून निघाला नव्हता.

चार फरश्या जावयाच्या गाडीतून लेकीकडे नेल्या. जावयाने त्या एकट्याने उचलून आत आणल्या आणि बायकोच्या खुर्चीसमोर मांडल्या. मी पिशवीतला तुकडा नाही, अख्ख्या फरश्या आणल्यात म्हटल्यावर बायको ताठ बसली.

“वाजवलीत?”

“वाजवली.”

“पाठीवर पाणी?”

“तसंच राहिलं.”

“वाकडी?”

“नाही.”

“आणि... ते लॉटचं?”

“सगळे बॉक्स एकाच भट्टीचे. अगं, काही राहिलं नाही. पास आहे. परवा माणसं येतील, जुनी काढतील. पुढच्या आठवड्यात तू घरी.”

ती फरशीकडे बघत होती. तिने हात पुढे केला नाही. शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मी नाही येत,” ती म्हणाली.

मला वाटलं रंग आवडला नाही.

“रंगाचं काही नाही हो. मला वाटलं होतं, तुम्ही कुठली फरशी पास करणारच नाही.” ती खाली मान घालूनच बोलत होती. “मी म्हटलं, हा माणूस फरशी शोधत राहील आणि मी इथे राहीन. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं माझं. चालता येईना, तर फरशी वाकडी.”

“चालता येईना म्हणजे? फाटकापर्यंत जातेस ना?”

लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की या घरात सगळ्यांना माहीत आहे.

“तुला घरी यायचंच नव्हतं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“यायचं होतं. रोज यायचं होतं. तुमच्यासमोर चालायचं नव्हतं.” आता तिने वर बघितलं. “तुम्हाला तडा लगेच ऐकू येतो. आणि ऐकू आला की तुमचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. भाजीच्या देठावर होतं, शिवणीवर होतं. माझ्यावर झालेलं मला बघायचं नव्हतं.”

मी मांडलेल्या फरश्यांकडे बघितलं. 

मग ती म्हणाली, “आता कळलंच आहे तर बघून घ्या,” आणि तिने वॉकर पुढे ओढला. उठायलाच तिला दोन प्रयत्न लागले. उजवा पाय टाकला. मग डावा आला, म्हणजे आला नाही, तो मागून ओढला गेला, चपलेचं टोक जमिनीला घासत. लेकीच्या गुळगुळीत लादीवर तो सरकला. पुन्हा वॉकर, पुन्हा उजवा. माझ्या फरशीवर वॉकर चढला. उजवा पाय चढला. डावा पाय ओढला आणि चपलेचं टोक त्या सुंदर, अस्सल दगडी कंगोऱ्यात अडकलं. पाय मागे, अंग पुढे. ती गेलीच असती. जावयाने तिला काखेतून धरलं. ज्याला मी दोनदा नापास केला होता त्याने.

 तिला खुर्चीत बसवलं. ती धापा टाकत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड कसं झालं होतं देव जाणे. मला राग आला होता. तिचा, लेकीचा, त्या गोदामवाल्याचा. मग कुणाचाच राहिला नाही, आणि उरली ती नुसती शरम. कारखान्यात नव्या पोरांना मीच शिकवायचो, बाटलीत जे औषध भरायचं तेच भरून ती तपासा, नुसत्या पाण्यावर विसंबू नका. आणि इथे मी फरशीवर पाणी ओतलं, साबण ओतला, शाई फासली, उड्या मारल्या. सगळ्या स्वतःच्या पायांनी. तिच्या मांडीवर तुकडे ठेवून तिच्या बोटांना विचारलं. ती बोटांवर चालणार होती का?

“डॉक्टर काय म्हणतात?” मी विचारलं.

“पाय असाच राहणार म्हणतात. पडले नाही म्हणजे झालं.”

मी वाकलो आणि तिच्या डाव्या पायातली चप्पल काढून घेतली.

“अहो, काय करताय?”

“उद्या आणून देतो.”

दुसऱ्या दिवशी मी त्या पहिल्या दुकानात गेलो. पेन्सिलवाल्या मुलीने मला बघून डोळे मिटले. मी तिला म्हणालो, आज काही वाजवणार नाही, फक्त पाटीसारख्या जेवढ्या आहेत तेवढ्या जमिनीवर ओळीने मांड आणि मला एक खुर्ची दे. तिने बिचारीने मांडल्या. मी उजव्या पायात माझा बूट ठेवला, डाव्या पायात बायकोची चप्पल अडकवली, टाच बाहेर. प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलली, उजवा टाकला आणि डावा ओढला.

पहिल्यांदा जमलं नाही. धडधाकट पाय आपोआप उचलला जातो, त्याला ओढायचं शिकवावं लागतं. मी तिला डोळ्यांसमोर आणलं, ते खांदा खाली पडणं, तो क्षणभराचा थांबा. मग जमलं. खुर्ची, उजवा, डावा ओढत. गिऱ्हाइकं बघत होती. एक नवरा-बायको नळ बघायला आली होती, ती नळ विसरली. दुकानदार आतून बाहेर आला आणि मुलीने त्याला हातानेच थांबवलं.

कंगोऱ्यांच्या फरशीवर चप्पल दर पावलाला अडकली. नापास. दोन फरश्यांची उंची एकसारखी बसत नव्हती तिथे अडकली. नापास. एक अशी गुळगुळीत की ओढलेला पाय पुढेच निघाला, खुर्ची नसती तर मी नळांच्या कपाटात गेलो असतो. नापास. ओळ संपत आली तशी माझी मांडी दुखायला लागली, पोटरीत गोळा आला, आणि मला वाटलं, हे ती दिवसभर करते. उठताना, पाण्याला जाताना, दाराची कडी काढायला जाताना. केस विंचरून खुर्चीत बसायला आणि मी यायच्या आत बसलेली असायला, तिला किती आधी उठावं लागत असेल?

शेवटच्या फरशीवर पाय सर्रकन, एका दमात ओढला गेला. अडकला नाही आणि सुटलाही नाही. मी पाणी ओतायला सांगितलं. ओल्यावरही तसाच. साबण घातला. तरी धरून होती, आणि पाणी जिथे सांडलं तिथे काळा डाग स्वच्छ दिसत होता. मी वाकून तळहात फिरवला. सपाट, वरवर बारीक वाळू. दिसायला दगड, हाताला कागद.

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “ही तुम्ही पहिल्या दिवशी...”

“माहीत आहे. बॉक्स मोज.”

फरशी बसवणाऱ्याला मी जेवढं छळलं तेवढं आयुष्यात कुणी छळलं नसेल. प्रत्येक सांध्यावरून चप्पल ओढून बघितली. जिथे टोक अडलं तिथे फरशी उखडायला लावली. तो म्हणाला, “साहेब, एवढं तर मुलगी बघायला आल्यावरही कुणी बघत नाही.” आतल्या खोलीच्या दाराची उंच पट्टी काढून टाकली. पांढऱ्या फरशीचे तुकडे पोत्यांत भरून गेले, आणि मी किती दिवसांनी घराच्या मधोमध उभा राहिलो. तरी चैन पडेना. फडकं घेऊन सकाळपासून पुसत होतो आणि पुसून झालेलं पुन्हा पुसत होतो.

ती आली. जावयाने हाताला धरून जिना चढवला, वॉकर दारात ठेवला. ती तिथेच थांबली. नवी फरशी तिने बघितली, मग मला.

“तुम्ही आत जा,” ती म्हणाली.

“का?”

“बघू नका.”

मी आत गेलो नाही. खिडकीपाशी गेलो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. बघू नका म्हणाली होती, ऐकू नका म्हणाली नव्हती. आणि माझ्याकडून ऐकणं बंद होणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

वॉकर टेकला. उजवा पाय. मग तो दुसरा, सर्रर्र. वॉकर, उजवा, सर्रर्र. त्या दुसऱ्या आवाजात तडा होता, होताच, तो काही कुठे जाणार नव्हता. मी तो पुरा ऐकला. आणि तो ऐकत असताना माझ्या तोंडावर काय होतं ते मला खिडकीच्या काचेत दिसत होतं. देठ बघतानाचं तोंड ते नव्हतं.

खोलीच्या मध्यावर आवाज थांबला.

मी खिडकीची चौकट धरली. वळायचं नाही, असं स्वतःला सांगितलं. मागून काहीच ऐकू येईना. 

“काय झालं?” मी काचेकडे बघतच विचारलं.

“काही नाही.” मग जरा वेळाने, पूर्वी पाहुण्यांसमोर बोलायची तशा आवाजात, “इकडे कोपऱ्यात सांध्यातलं सिमेंट वर आलंय. पांढरा डाग पडलाय अख्खा. पुसलंत की नुसतं फडकं फिरवलंत?”

“पुसलं. चारदा.”

“मग नापास,” ती म्हणाली. “बाजूला व्हा, खिडकीशी खुर्ची ठेवा माझी. आणि नळावरचा तो कपडा भिजवून आणा, कडक झाला असेल.”

मी कपडा आणायला वळलो. माझे डोळे भरले होते, आणि तिने ते बघितलं. मग तिने वॉकर पुढे टाकला. तिला अजून अर्धी खोली चालायची होती.